तांबुलीचा पहारा

फार पूर्वी, बर्फाला टेकलेल्या थंडगार समुद्रात खेकड्यांची एक वस्ती होती. तिथे अंग सावकाश वाढे, म्हणून कवच टाकणं हा मोठा प्रसंग असे. कवच टाकणाऱ्याने नवं कवच टणक होईपर्यंत कपारीत बसायचं आणि इतरांनी दारात पहारा द्यायचा, अशी तिथली रीत होती.

तांबुली कपारीत जुन्या कवचातून मागच्या मागे सरकत बाहेर आली. अंग लोण्यासारखं मऊ झालं होतं. समोर ते रिकामं कवच तिचंच रूप होऊन बसलं होतं, नांगीवरच्या ओरखड्यासकट! पहारेकरी त्या रूपापुढे वाकून म्हणाले, "तांबुलीताई, निवांत बसा."

"अहो, मी इकडे आहे!"

"तू गं कोण?" म्हातारा खरबूडबाबा खेकसला. "आमची तांबुली एवढी मोठी नाही, आणि अशी लिबलिबीत तर मुळीच नाही. चल, बाहेर हो!"

तांबुली गोंधळली. ती मी असेन, तर ही थंडी कुणाला वाजतेय? तिने जुन्या कवचात पाय घालून पाहिला. तो आत जाईना.

"बाबा, तिला काहीतरी विचारा तरी!"

बाबांनी विचारलं. कवच गप्प. "बघ, किती समजूतदार! तुझ्यासारखी वाद घालत नाही," असं म्हणत त्यांनी तिला बाहेर ढकललं.

तेवढ्यात वरून एका मोठ्या माशाची सावली सरकत आली. तांबुलीने घाईघाईने वाळूत अंग पुरून घेतलं. पहारेकरी नांग्या उगारून कवचाभोवती उभे राहिले. मासा घिरट्या घालून निघून गेला.

"वाचली! आपली तांबुली वाचली!" वस्तीने एकच जल्लोष केला.

वाळूखाली तांबुलीला ते ऐकू आलं. हसावं की रडावं, तिला कळेना.