एफ-तीन म्हणजे काय

"मग दोष कुणाचा, भंतेजी?"

सुगत रामटेके स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. हातात स्क्रू-ड्रायव्हर, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. वयोवृद्ध भंते सुमंगल पाटावर बसून मेथी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

टेकडीवरच्या त्या विहारात एक कुकिंग रेंज होती. कुणा उपासकाने दान दिलेली. वर शेगड्या, खाली भट्टी, सगळं विजेवर. भट्टीत भाजलेला पाव पायथ्याच्या दवाखान्यात रुग्णांना जाई. गेल्या आठवड्यात तिच्या काचेवर 'एफ-तीन' अशी खूण उमटली आणि भट्टी तापेनाशी झाली.

सुगत इंजिनिअर. नागपूरची चांगली नोकरी सोडून ध्यान शिकायला आलेला. यंत्रांमधलं आपल्याला कळतं याची त्याला खात्री होती, आणि ती इतरांनाही असावी असं त्याला वाटे. एफ-तीन पाहताच त्याने सांगून टाकलं, उष्णता मोजणारा सेन्सर गेला. आणि गेला तो स्वयंपाक करणाऱ्या द्रौपदाबाईंमुळे. भट्टी पुसताना त्यांनी आत पाणी सांडलं असणार. हे तो जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांदेखत बोलला.

बाईंनी वाढणं थांबवलं नाही. पण त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं थांबवलं.

नवा सेन्सर आला, भट्टीच्या आतूनच बसवला. एफ-तीन हलला नाही. आणि आज सकाळी बाई लुगड्यांचं गाठोडं घेऊन टेकडी उतरल्या. मुलीकडे जाते, एवढंच सांगून.

"दोष कुणाचा ते मागाहून," भंते म्हणाले. "ती खूण काय म्हणते?"

"सेन्सर खराब आहे म्हणते."

"रेंजच्या पुस्तकात तसं लिहिलंय?"

सुगतने आठवून पाहिलं. "लिहिलंय... सेन्सरकडून खबर येत नाही."

"येत नाही."

"हो."

"आणि तू वाचलंस, खराब."

सुगत थोडं चिडूनच म्हणाला, "अर्थ एकच झाला ना."

भंते उठले. मोरीत एक पितळी पातेलं उपडं होतं. त्यावरचा नळ त्यांनी पूर्ण सोडला. पातेल्यावर पाण्याचा असा खणखणाट सुरू झाला की स्वयंपाकघर भरून गेलं. भंते तिथूनच सुगतकडे बघत काहीतरी बोलू लागले. त्यांचे ओठ हलत होते, हात हलत होता.

"काय म्हणालात?"

भंते बोलतच राहिले.

"ऐकू येत नाही, भंतेजी."

त्यांनी नळ बंद केला. "मी मुका झालो होतो?"

"नाही."

"तू बहिरा झाला होतास?"

"नाही..."

भंते पुन्हा पाटावर बसले. मेथीची जुडी पुढे ओढली.

सुगत बराच वेळ उभा राहिला. कधी भंत्यांकडे बघे, कधी मोरीकडे, कधी मधल्या रिकाम्या फरशीकडे. मग त्याने भिंतीवरचा मुख्य खटका पाडला आणि रेंज भिंतीपासून पुढे ओढली.

मागची बाजू उघडी पडली. सेन्सरपासून काचेकडे जाणारी तार रेंजची कड आणि भिंतीलगतचा पाइप यांच्यामध्ये चिरडली होती. आतला धागा तुटला होता. जुना सेन्सर शाबूत असणार. नवाही शाबूत होता.

रेंज इतकी मागे कुणी सारली होती, तेही त्याला आठवलं. एफ-तीन उमटण्याच्या आदल्या दिवशी, वावरायला जागा हवी म्हणून त्याने स्वतःच खांदा लावून सारली होती.

त्याने नवी तार टाकली. खटका वर केला. एफ-तीन गेला. काचेवर आकडे दिसू लागले आणि हळूहळू चढू लागले.

"सापडलं," तो हळूच म्हणाला.

भंते मेथी निवडत होते.

"भंतेजी, बाई माझ्याशी बोलत नव्हत्या. मला वाटलं, मनात राग धरणाऱ्या आहेत. स्वभावच तसा, म्हणून मी विचारलंच नाही..."

पायात चपला न घालताच तो टेकडी उतरला.

एसटी आली नव्हती. द्रौपदाबाई गाठोड्यावर हात ठेवून थांब्याच्या ओट्यावर बसल्या होत्या. सुगत त्यांच्यासमोर खालीच बसला.

"तार तुटली होती. माझ्या हातून. तुमचं पाणी नव्हतं सांडलं."

बाई रस्त्याकडे बघत राहिल्या.

"सगळ्यांदेखत बोललो होतो. सगळ्यांदेखतच सांगेन."

"मले वाटलं," बाई सावकाश म्हणाल्या, "तुमाले माह्या हातचं नको झालं. म्हणून बोलाचं बंद केलं म्या."

लांबून एसटीचा आवाज आला. गाडी थांबली, दार उघडलं. बाईंनी कंडक्टरला हातानेच 'जा' म्हटलं.

"पीठ भिजवलं का कोनी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग उठा."

दुपारी भट्टीतून पावाचा वास अंगणभर पसरला. पंगतीत सुगत उभा राहिला आणि जे सांगायचं ते त्याने सांगितलं. द्रौपदाबाईंनी त्याच्या ताटात न विचारता आणखी भाजी वाढली.

जेवणं आटोपल्यावर तो भंत्यांजवळ आला.

"भंतेजी, रेंजच्या वर भिंतीवर लिहून ठेवतो. एफ-तीन दिसला की आधी तार बघावी. पुढच्या माणसाला उपयोग होईल."

भंत्यांनी क्षणभर विचार केला.

"लिही," ते म्हणाले. "मोठ्या अक्षरांत लिही... आणि पुढच्या खेपेला तू मात्र ते वाचू नकोस."