आईने दिलेल्या दुपारी

जिथे ऊन कौलांवरून घसरून आधी पापडांवर जाऊन बसायचं, अशा एका चिमुकल्या गावात मैना राहायची. घर इवलंसं, परकर ठिगळांचा आणि कडेवर सदा धाकटा भाऊ गोटू. वडील देवाघरी गेलेले. आई, म्हणजे हौसा, लोकांचे पापड लाटून घर चालवायची. सकाळी तिचं लाटणं जे फिरायला लागे, ते दिवेलागणीलाच थांबे. मग गोटूला न्हाऊ घालायचं, भरवायचं, झोपवायचं, सगळं मैनाकडे.

आणि एके दिवशी व्हायचं तेच झालं. गोटूला पहिला शब्द फुटला. मैनाच्या गालावर गुबगुबीत हात ठेवून तो म्हणाला, "आई."

मैना चपापली. हा शब्द तिचा नव्हता, आईचा होता. आईच्या कानावर पडला तर तिला किती वाईट वाटेल. गोटूने तो आईलाच म्हणायला हवा होता. पण त्यासाठी आई त्याच्याजवळ बसायला तरी हवी ना?

विचार करत करत मैना गोटूला घेऊन आमराईत गेली. आमराईच्या टोकाला भोकराचं झाड होतं. पिकलेली भोकरं म्हणजे नुसता डिंक. त्या चिकात काहीतरी लुकलुकत होतं. मैना वाकून बघते तो काय, बोटभर उंचीची परी! झगा शेवंतीसारखा पिवळाधम्मक, पंख जांभळे, आणि त्यातला एक भोकराला घट्ट चिकटलेला. गोटू भुकेने कुरकुरत होता, घरी पळायला हवं होतं. पण मैना थांबली. सकाळी आईला लाट्या वळून दिल्या होत्या, हाताला तेल होतं. त्या तेलकट बोटाने तिने पंख अलगद चोळला. चीक सुटला. परीने पंख झटकले, तशी सोनेरी भुकटी उडून गोटूच्या नाकावर बसली आणि तो शिंकला.

परी खुदकन हसली. म्हणाली, "मी वेळेची परी. तुझ्या दोन इच्छा पुऱ्या करीन. पण बाळ, नवा वेळ मला घडवता येत नाही हं. एकाकडून घ्यायचा, दुसऱ्याला द्यायचा. देणाऱ्याने हसत द्यायचा. आणि घेणारा त्याचं काय करील, हे त्याच्यावर सोडायचं."

मैना म्हणाली, माझा खेळायचा वेळ आईला दे. तो तिच्याजवळ होताच केवढासा, पण होता तेवढा तिने हसत दिला.

दुसऱ्या दिवशी दुपार लांबली. सूर्य चिंचेच्या शेंड्याला अडकल्यासारखा तिथेच राहिला. मैना गोटूला घेऊन आईसमोर जाऊन बसली. हौसाने उन्हाकडे पाहिलं, खूश झाली आणि भिंतीपलीकडच्या पारूला हाक मारून म्हणाली, उजेड आहे अजून, तुमचंही पीठ द्या इकडे. आया सगळ्या अशाच. टीचभर वेळ मिळाला की हातभर काम पसरतील.

शेवटी गोटू कंटाळला, रडायला लागला आणि मैनाकडे दोन्ही हात पसरून म्हणाला, "आई."

या वेळी हौसाने ऐकलं. लाटणं थांबलं. मिरपूड डोळ्यांत गेली असं म्हणून तिने मनगटाने डोळे पुसले आणि पुन्हा लाटायला लागली. पण पुढचा पापड वाकडा झाला. आईचा पापड कधी वाकडा होत नसे.

मैना रडत रडत आमराईत पोचली. ती आता फार विचार करत होती. त्या गावात एक रीत होती. आज साऱ्या बायकांनी एकीकडे पापड लाटायला जमायचं, उद्या दुसरीकडे. जिच्या घरी काम, तिने सगळ्यांना चहा-चिवडा द्यायचा. हौसा प्रत्येकीकडे जायची, पण आपल्याकडे कुणाला बोलवायची नाही. डबे रिकामे, द्यायचं काय? माझं मी करीन हळूहळू, म्हणायची.

"परी, आईने सगळ्यांना दिलेल्या दुपारी कुठे गेल्या गं?" मैनाने विचारलं.

परीचे पंख उजळले. "ज्यांना दिल्या, त्यांच्या घरी आहेत. पण मागाव्या लागतात, आणि तुझी आई मागत नाही."

"मी मागितल्या तर?"

"माग. ही तुझी दुसरी इच्छा. तू मागायचं, मी दाखवायचं."

मैना पारूकाकूंच्या दारात उभी राहिली. लाजेने कान लाल झाले होते. तरी म्हणाली, "काकू, आमच्या आईची एक दुपार तुमच्याकडे आहे. ती हवी होती. चहा मात्र आमच्याकडे नाही."

तेवढ्यात फळीवरचा पापडांचा डबा मधासारखा उजळला. त्या उजेडात हौसाची वाकलेली पाठ दिसली, लाटणं फिरताना दिसलं. पारूकाकू बघतच राहिल्या. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "खाऊन बसलो आणि विसरलो."

घरोघरी असंच झालं.

दुसऱ्या दिवशी बायका आपापली पोळपाट-लाटणी घेऊन हौसाच्या अंगणात हजर. हौसा ओशाळून चुलीकडे धावली, तर पारूकाकूंनी तिचा हात धरला. "बस गं खाली. चहा-चिवडा आम्ही आणलाय. तू पोराला घे."

हौसाने गोटूला मांडीवर घेतलं. तो मैनाला शोधायला लागला. मैना पटकन दाराआड लपली आणि तिने श्वास रोखला. गोटूचा ओठ थरथरला. हौसा हळूहळू डोलत गुणगुणू लागली. गोटूने तिच्या बांगड्या वाजवून पाहिल्या, मग तिच्याकडे टक लावून पाहिलं, मग गालावर हात ठेवला.

"आई," तो म्हणाला.

साऱ्या लाटण्यांचा आवाज थांबला. हौसा रडत रडत हसली, आणि दाराआड मैनाने हुश्श केलं. केवढं मोठं ओझं उतरलं तिच्या इवल्या जिवावरचं!

कोनाड्यात परी बसली होती. तिने मैनाकडे बघून पंख हलवले. पिवळा, जांभळा, सोनेरी उजेड अंगणभर सांडला, आणि उजेड विरला तेव्हा परी तिथे नव्हती.

हौसाने दाराकडे पाहिलं. गोटू एका मांडीवर होता. दुसरी मांडी तिने थोपटली.

"ये गं बाई," ती म्हणाली. "तू पण तेवढीशीच आहेस."