नंबर एकशे एक

एका गावात सखाहरी नावाचा एक भोळा माणूस राहायचा. 'जरा थांब' म्हटलं, की तो संध्याकाळपर्यंत थांबायचा. मामाच्या शेळ्या राखायचा, आणि शेळ्याच त्याला घरी आणायच्या.

त्या गावात ढवळे मॅडमचा एक मोठा अभ्यास चालू होता. सहा वर्षांपूर्वी जन्मलेली पंचक्रोशीतली शंभर मुलं त्यांनी निवडली होती आणि प्रत्येकाला एक नंबर दिला होता. दरवर्षी त्या मुलांची आणि घरच्यांची उंची मोजायची, वजन करायचं, घरात काय नवं-जुनं घडलं ते लिहायचं. मुलं वीस वर्षांची होईपर्यंत हे चालणार होतं. मॅडमना घरोघर फिरणारा माणूस हवा होता. सखाहरीला घरोघर फिरायची सवय होती, कारण शेळ्या कुठेही शिरायच्या.

आई म्हणाली, "सख्या, महिनाअखेर शहरातून साहेब येणार आहेत. काम पसंत पडलं तर चौदा वर्षांची नोकरी. नाही पडलं तर पुन्हा शेळ्या. मॅडम सांगतील तसंच कर हो."

"तसंच करतो," सखाहरी म्हणाला. घोळ तिथूनच सुरू झाला.

पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "जा, पिंट्याची उंची मोजून आण."

पिंट्या आजोबांच्या खांद्यावर बसला होता. सखाहरीनं जमिनीपासून टेप लावली आणि लिहिलं, 'साडेसात फूट.'

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे, कुणी वर बसलं असेल, तर आधी खाली उतरवायचं आणि मग मोजायचं!"

"चुकलं मॅडम. आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी पिंट्याच्या काकाची वरात निघाली होती. काका घोड्यावर बसला होता. सखाहरीनं त्याला कमरेला धरून खाली उतरवलं, मुंडावळ्या वर केल्या, बाशिंग काढलं आणि भिंतीला टेकवून उभं केलं. बँड थांबला. घोडा मात्र थांबला नाही. नवरदेव मुहूर्त टळल्यावर चालत मांडवात पोचला.

मॅडम म्हणाल्या, "अरे, लोकांचं काही चाललं असेल तर मधे पडू नये! बाजूला गप्प उभं राहायचं आणि दिसेल ते लिहायचं."

"चुकलं मॅडम. आता तसंच करतो."

तिसऱ्या दिवशी तो काशीच्या घरी गेला. काशीचा मुलगा चौतीस नंबरचा. दारात काशीच्या सासूची पैठणी उन्हात घातली होती. तेवढ्यात मामाची कबरी शेळी आली. सखाहरी बाजूला गप्प उभा राहिला. त्यानं लिहिलं, 'सव्वादहा. शेळी आली. दहा वाजून सतरा. पदर खाल्ला. दहा वाजून वीस. मोर खाल्ले. शेळी आनंदी.'

तो पदर पुन्हा कुणाच्या नजरेस पडला नाही.

मॅडम म्हणाल्या, "अरे, घरात असं काही झालं तर ओरडायचं! सगळी आळी गोळा करायची!"

"चुकलं मॅडम. आता तसंच करतो."

चौथ्या दिवशी काशीनंच त्याला आत बोलावलं. ती हळूच म्हणाली, "दादा, घरात नवं काय ते लिहिता ना? मला दिवस गेलेत. पण अजून सासूबाईंनाही सांगितलं नाही. पैठणीचा राग उतरू दे."

सखाहरी अंगणात धावला. "धावा! धावा! काशीताईला दिवस गेलेत!"

सगळी आळी आली. दोघं पाण्याच्या बादल्या घेऊन आले. एक जण काठी घेऊन आला. सासू सगळ्यात पुढे होती.

त्या दिवशी मॅडम खालीच बसल्या. "सखाहरी, नीट ऐक. कुणाच्या घरातलं बाहेर सांगायचं नाही. कुणाचं नाव घ्यायचं नाही, फक्त नंबर बोलायचा. कोणता नंबर कुणाचा, ही यादी एकच आहे. सहा वर्षांचं काम तिच्यावर उभं आहे. उद्या साहेब येणार. ती कुणाच्या नजरेस पडणार नाही अशी ठेव."

"आता तसंच करतो," सखाहरी म्हणाला. कुणाच्या नजरेस पडणार नाही अशी एकच जागा त्याला ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. वह्या बघून खूश झाले. एकही नाव कुठे नव्हतं. "छान! आता एक मूल प्रत्यक्ष मोजून बघू. नंबर चौसष्ट."

"सखाहरी, यादी आण," मॅडम म्हणाल्या.

सखाहरी बाहेर गेला आणि दोरीला धरून कबरी शेळी घेऊन आला. शेळी रवंथ करत होती.

मॅडम खुर्चीतून उठल्या. "यादी... यादी कुठे आहे?"

"हिच्यात, मॅडम. सगळी शंभर नावं. कुणालाही सांगायची नाही ती."

साहेबांनी चष्मा पुसला. "ही कुणाची शेळी?"

सखाहरी ताठ उभा राहिला. आता त्याला सगळं नीट कळलं होतं.

"नाव सांगता येणार नाही, साहेब. नंबर एकशे एक. उंची दोन फूट. वजन बावीस किलो, यादी धरून."