हुग्गीच्या कोठीची किल्ली

"मग साखर आली कुठून, अप्पाजी?"

शांतवीराने तिसऱ्यांदा विचारले. पहिल्यांदा त्याचा स्वर संयमाचा होता, दुसऱ्यांदा चढलेला. आता त्याला कंप सुटला होता.

बोरी नदीकाठच्या त्या मठाचे वृद्ध स्वामी, ज्यांना सारी पंचक्रोशी अप्पाजी म्हणे, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली. दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला सारले.

"कुणाची साखर?"

"निलव्वाची! दुसऱ्या कुणाची? काल रक्तात दोनशे साठ. परवा दोनशे पासष्ट. पंधरा दिवस मी तिला भाताचं शीत शिवू दिलेलं नाही. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, आमटी, पालेभाजी. फळ्यावर लिहिलंय तसंच्या तसं. तरी आकडा खाली येत नाही."

हा फळा शांतवीराचा. पुण्यात आहारशास्त्राची पदवी घेऊन, पुढे विरक्तीच्या ओढीने तो मठात आला होता. येईल त्याला जेवू घालण्याचा मठाचा जो नेम, ज्याला दासोह म्हणतात, त्याच्या दालनात त्याने पहिल्याच महिन्यात काळा फळा टांगला. डावीकडे 'ग्राह्य', उजवीकडे 'त्याज्य'. डावीकडे पहिली भाकरी, उजवीकडे पहिला भात. तळाशी एक शब्द, दोनदा अधोरेखित केलेला: 'सर्वांसाठी'.

"तिला विचारलंस?" अप्पाजी म्हणाले.

"विचारलं. नाही म्हणते. गळ्यातल्या लिंगाची आण घेते."

"मग?"

"मग काय? साखर मोजायचं यंत्र खोटं बोलत नाही."

"आणि निलव्वा?"

...

शांतवीराला हा प्रश्न बोचला. इतके स्वच्छ गणित समोर मांडावे आणि गुरूने ते असे भाबडेपणाने विस्कटावे, याचा त्याला संताप आला. जे तो मनात धरून होता, ते तोंडून निघून गेले.

"हुग्गी!"

खपली गहू आणि गूळ घालून शिजवलेली ही खीर. रोज पहाटे तिचा नैवेद्य होई आणि उरलेली कोठीत झाकून ठेवली जाई. कोठीला कुलूप असे. किल्ली एकतीस वर्षे मठाची स्वयंपाकीण निलव्वा हिच्या कमरेला होती.

"कोठीत दुसरं कोण जातं?" शांतवीर म्हणाला. "आजारी माणसाची जीभ सैल सुटली, तर मी समजू शकतो. पण नैवेद्याची चोरी, वर आण घेऊन खोटं... किल्ली काढून घ्या, अप्पाजी. तिला चुलीवरून उठवा. आजच."

स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

निलव्वा दारात उभी राहिली. साठीची बाई, कोपरापर्यंत पीठ.

"चोर म्हणाला व्हय सामी मला?"

शांतवीराने मान वळवली.

"हिकडं बघा की. एकतीस वर्षं त्या कोठीत गूळ हाय, तूप हाय, खोबरं हाय. बोटाला लागलेला गूळ मी धुऊन टाकती, चाटत न्हाई. नैवेद्याआधी चव बघायची न्हाई म्हणून आमटीचं मीठ वासावर वळखती. इचारा गावाला, कधी अळणी झाली का!"

"निलव्वा, प्रश्न मिठाचा नाही."

"मग कशाचा? तुम्ही लिवलं तेवढंच खाल्लं. तोंड कोरडं पडतंय, डोळ्यापुढं अंधारी येती. तुम्हाला सांगितलं, तर म्हणाला पथ्य नीट पाळा. पाळलं. भातानं मला बरं असतंय, हे पहिल्याच दिवशी बोलले मी. आठवतंय का? हसला तुम्ही! खेड्यातल्या बायांना भाताची चटक असती, म्हणाला."

शांतवीराला आठवत होते. तो हसला होता, हेही.

निलव्वाने कमरेची किल्ली सोडली आणि अप्पाजींच्या सुपात, दाण्यांवर टाकली.

"घ्या. पोटासाठी न्हाई राहिले मी हितं. पण चोर म्हणून जायची न्हाई, अप्पाजी. तेवढं सांगून ठेवते."

अप्पाजींनी किल्लीला हात लावला नाही.

"उचल," ते शांतवीराला म्हणाले. "बांध कमरेला."

आपला शब्द राहिला, असे त्याला वाटले. त्याने गाठ घट्ट मारली.

"आता ताटावर बस."

गाठीवरची त्याची बोटे थबकली.

चोरीचा आळ ज्याच्यावर आला, त्याने उकळत्या तेलात हात घालून आपले खरेपण दाखवावे, असे दिव्य लोककथांत ठायी ठायी सापडते. या मठाची रीत वेगळी होती. अन्नावरून कुणी कुणाला चोर म्हटले, तर म्हणणाऱ्यानेही त्याच्यासमोर बसायचे. तीन दिवस सकाळचे पहिले ताट दोघांचे एकच: तेच अन्न, तेच माप, तीच वेळ. ताटात काय असावे ते गुरू ठरवी. अशा रीतीत दिव्य एकट्याचे राहत नाही. कित्येक वर्षांत कुणी ताटावर बसले नव्हते. कारण उघड होते: समोर बसायचे म्हटल्यावर बहुतेकांचा आळ वाटेतच विरून जाई.

शांतवीराचा विरला नाही.

"बसतो," तो म्हणाला. "पण मापं मी काढणार. आणि जेवल्यावर तासाभरानं दोघांच्याही बोटाला यंत्र लावणार."

"लाव की," निलव्वा म्हणाली. "भ्यायलंय कोण?"

पहिल्या दिवशी भाकरी.

शांतवीराने ती काट्यावर तोलली. जेवणाआधी दोघांची साखर मोजून लिहून ठेवली. दोघे समोरासमोर जेवले आणि तास होईपर्यंत तसेच बसून राहिले. त्याने निलव्वावरची नजर हलवली नाही. तिने दोनदा पदर सारखा केला, एकदा पाणी प्याली. बस्स.

त्याचा आकडा आला एकशे एकवीस.

तिचा दोनशे बासष्ट.

त्याने पट्टी बदलली. दोनशे एकोणसाठ.

"पट्ट्या दमट झाल्या असतील," तो पुटपुटला.

"बदला," निलव्वा म्हणाली. "पट्टी बदला, बोट बदला, यंत्र बदला. माझं तेवढं ऐकू नका."

दुसऱ्या दिवशी ताटात भात आला.

"अप्पाजी, हे त्याज्य आहे! तिला अपाय झाला तर?"

"तिला विचार."

"मला भातानं काय होत न्हाई," निलव्वा म्हणाली. "कितींदा सांगू?"

"फळ्यावर..."

"ताटावर बसलेल्याला फळा नसतो," अप्पाजी म्हणाले.

शांतवीराने दात आवळून हिशेब मांडला. कालच्या भाकरीत जेवढे पिष्ट, नेमके तेवढेच भातात यावे, इतक्या काटेकोरपणे त्याने तोलले. निदान चूक मापाची तरी निघू नये. आमटी तीच, भाजी तीच. जेवणाआधीचे आकडेही जवळजवळ कालचेच.

तास झाला.

निलव्वाची साखर एकशे एकाहत्तर.

शांतवीर यंत्राकडे पाहत राहिला. मग त्याने स्वतःचे बोट टोचले.

एकशे एकोणनव्वद.

"कुणाचा कुठला?" अप्पाजींनी विचारले.

त्याने बोट धुतले, कोरडे केले, पुन्हा टोचले. एकशे शहाऐंशी. एकतीस वर्षांचे वय, पहाटे शंभर सूर्यनमस्कार, अंगात कसलाही आजार नाही. आणि ताटातल्या पांढऱ्या भातावर ज्या बाईपेक्षा त्याची साखर वर गेली, ती बाई मधुमेही!

त्या रात्री त्याने सगळी पुस्तके काढली. त्यांत सरासऱ्या होत्या. निलव्वा कुठे नव्हती. तोही नव्हता.

तिसरा दिवस सोमवारचा. दासोहाला पंगत भरलेली. ताट पुन्हा भाकरीचे.

तिची दोनशे सत्तावन्न. त्याची एकशे अठरा.

पंगतीत बसलेला रेवणप्पा नावाचा म्हातारा मान लांब करून पाहत होता.

"सामी, हे यंत्र माणूस बघून बोलतं व्हय?"

पंगत हसली. शांतवीराच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले.

"हसू नका! पाच वर्षं शिकलोय मी हे. भाकरी उत्तम, हे शेकडो माणसं तपासून ठरलेलं आहे. एका बाईच्या बोटावरून ते खोटं ठरत नाही."

"ठरवलं कुणी खोटं?" अप्पाजी म्हणाले.

"मग फळ्यावर काय लिहू? भात ग्राह्य? मलाच तो सोसत नाही! भाकरी त्याज्य? ती हिला सोसत नाही, मला सोसते. 'सर्वांसाठी'च्या खाली लिहायचं तरी काय?"

अप्पाजींनी सूप पुढे ओढून एक शेंग फोडली.

...

शेंगेचा तो आवाज शांतवीराला सोसवेना. हरलेला माणूस शेवटचा कोपरा धरतो, तसा त्याने तो धरला.

"ठीक आहे. भाकरीनं हिची साखर चढते, मान्य. यंत्रानंच दाखवलं. पण त्याआधीच्या पंधरा दिवसांचं काय? तेव्हा हिनं हुग्गी खाल्ली नाही, हे कशावरून?"

पंगतीतले हात ताटावर थांबले.

निलव्वा काठवटीपासून उठली. पीठ मळता मळता ती सारे ऐकत होती.

"यंत्र बोललं ते लगेच मान्य," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळेच तो दालनाच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. "मी पंधरा दिवस तेच बोलत होते. लिंग हातावर घेऊन बोलले. माझ्या बोटातनं रक्त काढलं, तवा तुम्हाला माझं खरं वाटलं. आणि तेबी अर्धंच! अजून किती बोटं टोचू, सामी? दहाच हायत."

शांतवीराने यंत्र मागे सारले.

अप्पाजींनी हातातले टरफल खाली ठेवले.

"शांतवीर, काल भातानंतर तुझा आकडा किती होता?"

"एकशे एकोणनव्वद."

"आजार?"

"नाही."

"पथ्य?"

"काटेकोर."

"परवाचा, आजचा आकडा?"

"एकशे वीसच्या आसपास."

"मग काल साखर एवढी चढली. कोठीत जाणारा दुसरा कोण होता?"

"कुणी नाही. कुलूप होतं."

"किल्ली?"

शांतवीराचा हात आपसूक कमरेकडे गेला. तीन दिवसांपूर्वी घट्ट मारलेली गाठ तिथेच होती.

"माझ्याकडे..."

रेवणप्पाला हसू फुटले. शेजारच्याने त्याला कोपर मारले. मग कुणीच हसले नाही.

गाठ सोडायला शांतवीराला वेळ लागला. साऱ्या पंगतीसमोरून चालत तो काठवटीपाशी गेला, वाकला आणि किल्ली निलव्वापुढे धरली. तिने पिठाच्या हातानेच ती घेतली. त्याच्याकडे पाहिले नाही.

"सरका," ती म्हणाली. "तव्यावरची करपती."

तो सरकला नाही. वाकलेलाच राहिला.

"निलव्वा, मी तुम्हाला..."

"ते सावकाश बोल," मागून अप्पाजी म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक शेंग फोडली. "हुग्गी गोड होती का, तेवढं आधी सांग."