मानाची शाल आणि कडब्याचं धाट

राजे पुष्कळ होते आणि त्यांना प्रश्न विचारणारे थोडे होते, अशा फार फार जुन्या काळातली ही गोष्ट.

एका राज्यात धान्य पेवांत साठवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं खोल कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं. धान्य भरलं की तोंड माती-शेणाने लिंपून टाकायचं. कोरडं धान्य आत वर्षानुवर्षं टिके. ओलं गेलं तर कुजे आणि अशी वाफ धरे, की आत उतरलेला माणूस जिवंत वर येत नसे.

म्हणून पेव फोडण्याआधी त्याचा वास घ्यावा लागे. हे काम चाळीस वर्षं एक बाई करत होती. लिंपणाला भोक पाडायचं, कडब्याचं लांब धाट आत सोडायचं, पुष्कळ वेळ थांबायचं, मग ते काढून नाकाशी धरायचं. ती "उतरा" म्हणाली की आधी स्वतः शिडीवर पाय ठेवी, मग गडी उतरत. ती "नको" म्हणाली की राजासुद्धा थांबे. लोक तिला पेवकरीण म्हणत. चाळीस वर्षांत तिने एकही गडी गमावला नव्हता.

त्या राज्यात एक रीत होती. पुरुषाचे केस पिकले की त्याला राजसभेत बसवत. बाईचे केस पिकले की तिला मानाची शाल देऊन घरी बसवत. ही रीत कोणी घातली, असं सभेत कधी कोणी विचारलं नाही. ज्यांनी विचारलं असतं, त्या बायका घरी बसलेल्या होत्या.

पेवकरणीचे केस पिकून पंधरा वर्षं झाली होती. तेव्हा शाल कोणाला आठवली नाही. पण यंदा, बियाण्याचं मोठं पेव फोडायला चार दिवस उरले असताना, प्रधान स्वतः तिच्या दारात आला.

"आजी, फार कष्ट केलेत. आता विसावा घ्या," तो म्हणाला. "पेवाच्या तोंडाशीच महाराजांच्या हातून शाल देऊ. पुढचं माझा भाचा बघेल."

"पंधरा वर्षं कोणाला घाई नव्हती. आता चार दिवसही थांबवत नाही होय?"

प्रधान हसला. "नाकही थकतं हो, आजी. गावात बोलतात."

जाताना तो ओसरीवर गुळाची ढेप ठेवून गेला.

"ती फोडू नकोस," पेवकरीण सुनेला म्हणाली. "कशासाठी आलीय ते आधी कळू दे."

ती विचार करू लागली. मोठं पेव गेल्या साली तिच्या माघारी भरलं होतं; ती लेकीच्या बाळंतपणाला परगावी होती. त्या दिवसांत अवकाळी पावसाने खळी भिजली होती. शेजारचा राजा पाहुणा यायचा होता आणि त्याला पेवं भरलेली दाखवायची होती. परत आल्यावर तिने प्रधानाच्या माणसांना विचारलं, तर प्रत्येकजण म्हणाला, "छे, कडकडीत वाळवून भरलं." सगळ्यांचं तेच वाक्य, त्याच शब्दांत. खरं बोलणारी माणसं इतकी एकसारखी बोलत नाहीत.

पण मग तिला स्वतःचाच संशय आला. गेल्या आठवड्यात चुलीवर दूध करपलं, तेव्हा तिला कुठे वास आला होता? गावात बोलतात ते खरं असलं तर? आपल्या हट्टापायी गड्यांचे जीव गेले तर?

तिने सुनेला हाक मारली. "माझे डोळे बांध. मडक्यांतलं हवं ते मुठीत घे आणि नाकाशी धर."

"आत्याबाई, हा काय पोरखेळ?"

"धर म्हणते ना. आणि कीव करून सोपं नको देऊस."

सून एकेक मूठ पुढे करू लागली.

"ही नवी ज्वारी. ही जुनी. ह्यात सोंडकिडे झालेत, उन्हात घाल. आणि ही मूठ रिकामी आहे. हाताला कांद्याचा वास येतोय. कांदे संपले म्हणून सकाळीच सांगत होतीस ना?"

सून हसत खाली बसली. "मग त्या दिवशी दूध कसं करपलं?"

पेवकरणीने डोळ्यांवरचा पदर सोडला. म्हणाली, "मी झोपले होते. झोप लागली म्हणजे नाक गेलं असं नव्हे."

सोहळ्याला सारं गाव लोटलं. ताशे वाजले. पेवाच्या कडेला चार गडी कमरेला दोर बांधून उभे होते. प्रधानाच्या भाच्याने धाट आत घातलं, लगेच बाहेर काढलं, हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाला, "उत्तम आहे. फोडा."

लिंपण फुटलं. शिडी लागली. राजाने शाल उलगडली.

"महाराज, आधी मला धाट घेऊ द्या," पेवकरीण म्हणाली.

"आजींचं नाक थकलंय, महाराज," प्रधान घाईने म्हणाला. "उगाच खोळंबा होईल."

"बरं. माझं थकलं, ह्यांचं ताजं आहे. मग 'फोडा' म्हणणाऱ्याने पहिलं उतरायचं. चाळीस वर्षं मी तेच केलं."

भाच्याने ऐटीत पागोटं काढून ठेवलं. "त्यात काय मोठंसं? हा उतरलो." त्याने शिडीवर पाय ठेवला.

"थांब! उतरू नकोस!" प्रधान किंचाळला.

ताशे थांबले. भाचा मागे वळून म्हणाला, "मामा, तुम्हीच म्हणालात ना, आत सगळं कोरडं आहे?"

"तसं नव्हे... नवे कपडे आहेत तुझे, मळतील..."

"प्रधानजी," पेवकरीण म्हणाली, "ह्या चौघांच्या कमरेला दोर बांधत होते, तेव्हा तुमचा घसा बसला होता का?"

राजाने धाट तिच्या हातात दिलं. तिने ते आत सोडलं आणि थांबली. लोक चुळबुळले, तरी ती थांबली. मग तिने धाट काढून हुंगलं आणि राजाच्या नाकाशी धरलं. आंबलेल्या पिठासारखा दर्प नाकात शिरताच राजाने तोंड फिरवलं. गड्यांनी दोराला बांधून पणती आत सोडली. ती निम्म्यावरच विझली. चौघांनी आपापले दोर सोडले.

राजाने हातातली शाल प्रधानाच्या खांद्यांवर टाकली. "प्रधानजी, फार कष्ट केलेत. आता विसावा घ्या."

मग तो पेवकरणीकडे वळला. "आजी, तुम्ही सभेत बसा."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "मी सभेत बसले, की धाट कोणाकडे जाणार?"

"तुमच्याकडेच राहील."

"मग बसते."

बियाणं दुसऱ्या पेवातून निघालं, तिने हुंगून दिलेलं, आणि पेरणी वेळेवर झाली. भाचा तिच्या हाताखाली शिकू लागला. पहिलं वर्षभर तिने त्याला फक्त थांबायला शिकवलं. शाल देऊन घरी बसवलेल्या बायकांच्या दारांशी लोक पुन्हा कामं घेऊन येऊ लागले. आणि गुळाची ढेप त्याच संध्याकाळी प्रधानाच्या घरी परत गेली, न फोडलेली.

तात्पर्य: वय झालेल्या बाईला कोणी मानाने बसवू लागलं, तर तिने आधी पाहावं, की आपल्या हातातलं काय काढून घेतलं जातंय.