गोदाक्काच्या दोन पंगती

नेर्लेकर मालकांच्या कोल्हापूरच्या फाउंड्रीत पेन्शनच्या दोन योजना होत्या. साहेबलोकांची भरघोस आणि भट्टीवर राबणाऱ्यांची नावापुरती. कामगारांनी तक्रार केली म्हणून सरकारी तपासनीस आले, तेव्हा मालक हसून म्हणाले, "एकेक योजना वेगळी तपासा. साहेबांत सगळ्यांना सारखं, कामगारांत सगळ्यांना सारखं. भेदभाव सापडला तर दाखवा."

तपासनीस एकेक फाईल वेगळी तपासू लागले.

त्या दिवशी खंडेनवमी होती. यंत्रांची पूजा झाली आणि शेडमध्येच पंगती बसल्या. एकीकडे कामगार, दुसरीकडे मालक, साहेब आणि तपासनीस. वाढायला होती गोदाक्का मगदूम. तीस वर्षं साचे भरून ती येत्या मार्चात निवृत्त होणार होती. तिनं कामगारांना पुरी-श्रीखंड वाढलं आणि मालकांच्या पंगतीत नुसता आमटी-भात.

"गोदाक्का, आमचं श्रीखंड कुठाय?" मालकांनी विचारलं.

"या पंगतीत कुणालाच न्हाई, मालक. शेजारचं पान बघा, तुमच्यासारखंच हाय. भेदभाव सापडला तर दाखवा."

मालकांचा चेहरा लालबुंद झाला. "अगं, पण स्वयंपाक एकाच चुलीवर झालाय ना?"

"व्हय की. आन् दोन्ही पेन्शनींचा पैसाबी एकाच भट्टीतनं निघतोय."

तपासनिसांनी भात कालवता कालवता दोन्ही योजनांच्या फायली एकत्र मागवल्या.

"झालं समाधान? आता वाढ," मालक गुरगुरले.

गोदाक्कानं श्रीखंडाचं पातेलं कमरेवर घेतलं. "वाढते की. फायली येऊ देत."