टिटवीची हाक

फार वर्षांपूर्वी, रानात माणसाची पायवाटही नव्हती तेव्हा, ओढ्याच्या दोन्ही काठांचे प्राणी वेलींचा चेंडू करून फुटबॉल खेळत. अलीकडच्या संघाचं गोल अस्वल सांभाळायचं. त्याला लांबचं धड दिसत नसे. म्हणून गोलामागच्या खडकावरून टिटवी ओरडायची, "डावीकडून आला!" की अस्वल डावीकडे झेपावायचं.

एकदा सामना ऐन रंगात असताना कावळा टिटवीशेजारी येऊन बसला. "ऐकलंस का? आपला ससा पुढच्या हंगामात पलीकडच्या संघात जाणार. त्यांनी त्याला हरभऱ्याचं शेत दाखवलंय म्हणे."

टिटवीचं पित्त खवळलं. "जाऊ दे मेल्याला! एक दिवस वाऱ्यासारखा पळतो आणि चार दिवस गवतात लोळतो. आम्ही इथे घसा फोडायचा आणि यानं मिशा साफ करत बसायचं?"

"पण गोल तोच करतो ना!" कावळा म्हणाला.

"रोज राबेल तो खरा गडी! मनात येईल तेव्हा खेळायला हा काय जावई लागून गेलाय?" टिटवी मैदानाकडे पाठ करून तावातावानं भांडू लागली.

एवढ्यात चेंडू अस्वलाच्या उजव्या अंगानं गोलात शिरला. पलीकडच्यांनी एकच जल्लोष केला.

"अरे ठोंब्या, झोप लागली होती का तुला?" टिटवी किंचाळली. "या संघात एकालाही लाज उरली नाही!"

अस्वलानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"ताई, तुझा आवाज सारखा ऐकू येत होता. पण डावीकडे झेपावू की उजवीकडे, ते काही कळेना. मला वाटलं, ससा राहिला बाजूला, तूच पलीकडच्यांना जाऊन मिळालीस."